ती सून नव्हती, लेक होती

आमच्या शेजारच्या बाईंना मी आठ वर्षांपूर्वी त्यांच्या घराण्यातून काढून टाकलं. घराणं स्कॉटलंडचं, सरदारांचं, पाच-सहाशे वर्षांपूर्वी एक किल्ला आणि दोन खोरी राखून असलेलं. आणि काढून टाकणारा मी, मूळचा नागपूरचा, अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधला एक निवृत्त इंजिनियर. हे कसं घडलं आणि यंदाच्या उन्हाळ्यात ते कसं निस्तरलं, ते लिहून ठेवायचं आहे. यातला निम्मा भाग मी बरीच वर्षं कोणालाच सांगितला नव्हता.

बाई आमच्या उजवीकडच्या घरात राहतात. आम्ही या गल्लीत आलो तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो आणि बर्फ कसं उपसतात हे मला माहीत नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात मी ड्राइव्हवेवर कंबर धरून उभा राहिलेला बघून त्या स्वतःचं फावडं घेऊन आल्या आणि ओरडल्या, "पाठीनं नाही, गुडघ्यांनी! गुडघ्यांनी, यंग मॅन!" त्या तेव्हा शाळेची बस चालवायच्या, त्यामुळे आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. आता मी शहात्तर वर्षांचा आहे आणि त्या अठ्ठ्याऐंशीच्या, तरी त्यांच्या लेखी मी यंग मॅनच.

त्यांच्या बैठकीत शेकोटीच्या वर एक चौकट होती. त्यात त्या घराण्याची ढाल रंगवलेली आणि काचेखाली घडी करून ठेवलेला एक शेला, हिरव्या-निळ्या चौकटींच्या लोकरी कापडाचा. शेला त्यांच्या आजीचा. आजीचं सांगणं असं, की आपण त्या सरदारांच्या वंशातले, एका बाईच्या बाजूनं. दर उन्हाळ्यात आमच्यापासून तासाभरावर एका मैदानात स्कॉटिश खेळ भरतात. पुरुष किल्ट घालून लाकडाचे ओंडके फेकतात, बॅगपाइप वाजतात आणि एकेका घराण्याचे वंशज आपापला तंबू ठोकून बसतात, मग आपल्या झेंड्यामागून मैदानाला फेरा मारतात. बाईंच्या घराण्याच्या तंबूत मागच्या भिंतीएवढं कॅनव्हास असायचं. त्यावर झाड रंगवलेलं, खोडावर जुने सरदार आणि फांद्यांच्या टोकांना हल्लीच्या लोकांची नावं, पांढऱ्या रंगात. एका फांदीवर बाईंच्या आईचं नाव होतं आणि त्याखाली बाईंचं. माझी मुलगी लहानपणी त्यांच्याबरोबर दरवर्षी तिथे जायची आणि दहा वर्षांची होईपर्यंत तिला खात्री होती, की शेजारच्या आजी म्हणजे खालसा झालेली राणी आहे.

मी नोकरीभर टेलिफोनच्या यंत्रांचे आराखडे तपासले. आराखडे दुसऱ्यांनी काढायचे आणि त्यांतल्या चुका मी शोधायच्या. मी त्यात चांगला होतो, आणि आपण चांगले आहोत हे मला नीट माहीत होतं. निवृत्त झाल्यावर ही खाज कुठे तरी भागवायला हवी होती. वडिलांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीवरून उतरवून आणलेली आमची वंशावळ मी बाहेर काढली, चौदा पिढ्या, सगळे पुरुष. ती मोठ्या कागदावर नव्यानं मांडली आणि बेसमेंटमध्ये फ्रेम करून लावली. बाई ती बघायला आल्या, चष्मा लावून खालपासून वरपर्यंत बघितली आणि म्हणाल्या, "सुंदर. पण तुमच्याकडे मुलं पुरुषांनाच होतात का?"

मी हसण्यावारी नेलं.

त्याच सुमाराला त्यांच्या घराण्याच्या मंडळानं ठरवलं, की झाड पुस्तिकेत छापायचं आणि प्रत्येक फांदीला कागदाचा आधार द्यायचा. बाई बिस्किटांचा एक मोठा डबा घेऊन आल्या. त्यात बाप्तिस्म्याचे दाखले, पत्रं, एका मेलेल्या पाद्र्याची दैनंदिनी. "तुला लोकांच्या चुका सापडतात म्हणे," त्या म्हणाल्या. "माझ्यात शोधून दाखव."

दीड वर्ष मी त्या डब्याच्या मागे होतो. कम्युनिटी कॉलेजात जाऊन लॅटिन शिकलो, कारण तिथले जुने जमिनीचे कागद लॅटिनमध्ये आहेत. वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची होती आणि माझ्या विभक्ती चुकल्या की मान हलवायची. बाईंपासून आईकडे, आईपासून आजीकडे, मग समुद्र ओलांडून आलेला एक मेंढपाळ, त्याच्या मागे शेतकरी, पाद्री, पुन्हा शेतकरी, असा मी मागे मागे जात एका छोट्या जमीनदारापर्यंत पोचलो. इथपर्यंत सगळं पक्कं. पुढे एकच कागद होता. जमीनदार वारला आणि त्याची विधवा आपल्या मुलाच्या नावे जमीन करून देते आहे. मुलाचं आडनाव बापाचं, जमीनदाराचं. विधवेचं आडनाव मात्र सरदार घराण्याचं.

ही बाई कोण? सगळा प्रश्न एवढाच होता.

मी बायकोला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आडनाव नवऱ्याचं नाही म्हणताय, मग बापाचं असेल."

"बापाचं कसं असेल? लग्न झाल्यावर बापाचं आडनाव कोण ठेवतं?"

"तिकडची रीत बघितलीत का?"

"रीत काय बघायची त्यात? जगभर तेच."

"तुमचं जग म्हणजे त्र्यंबकेश्वर ते नेपरव्हिल," ती म्हणाली आणि पोळी वाढली. "माझं तर पहिलं नावसुद्धा बदललं तुमच्या घरानं. ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं आणि झालं. उद्या मला कोणी कागदांत शोधायला गेलं तर सापडायची नाही मी."

हे तिनं गमतीत म्हटलं नव्हतं. मी मात्र गमतीत घेतलं.

माझा हिशोब सरळ होता. सरदारांचं आडनाव लावणारी बाई म्हणजे सरदारांची सून. सून असून दुसऱ्याची विधवा, म्हणजे तिचं आधी सरदारांच्या घरात लग्न झालेलं असणार, तो नवरा गेला असणार, मग तिनं या जमीनदाराशी दुसरं लग्न केलं आणि नाव पहिलंच राहिलं. शोधल्यावर सापडलंही तसं. सरदाराचा एक धाकटा भाऊ लढाईत तरुणपणी मेला होता आणि त्याच्या बायकोचं पहिलं नाव आणि या विधवेचं पहिलं नाव एकच. ते नाव त्या काळी गावोगावी सापडे, हे मी लक्षात घेतलं नाही. मला सांधा जुळल्याचा आनंद झाला होता. त्याचा अर्थ असा, की जमीनदाराचा मुलगा दुसऱ्या लग्नाचा, त्याच्यात सरदारांचं रक्त थेंबभर नाही आणि त्याच्या वंशातल्या बाईंमध्येही नाही.

मी सहा पानांचा अहवाल लिहिला, तळटिपांसह. खरं सांगायचं तर तो लिहिताना मला वाईट वाटलं नाही. चूक सापडल्यावर नोकरीत जसं वाटायचं तसंच वाटलं. मंडळातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेत वाढलेली, त्यांच्याही आज्या-पणज्या नवऱ्याचं आडनाव लावणाऱ्या. कोणालाच काही खटकलं नाही. शिवाय तळटिपा पाहिल्या की माणसं पुढचं विचारत नाहीत. मंडळानं मला घराण्याच्या चौकटींचा एक टाय दिला आणि मानद दफ्तरदार केलं. कॅनव्हासवर बाईंच्या आणि त्यांच्या आईच्या नावांवर एक मोठं हिरवं पान रंगवण्यात आलं.

बाईंनी अहवाल माझ्यासमोर वाचला. शेवटचं पान उलटं ठेवलं. "कागद म्हणजे कागद," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शेकोटीवर चौकट नव्हती, भिंतीवर तेवढाच फिकट चौकोन राहिला होता. त्या त्यानंतर खेळांना कधी गेल्या नाहीत. त्यांच्या हातचा अ‍ॅपल पाय मात्र आमच्याकडे दर थँक्सगिव्हिंगला येत राहिला, तसाच, अजून गरम.

दोन वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या फांदीसाठी मी एक जुनं छापील पुस्तक वाचत होतो. प्रस्तावनेत एक ओळ होती. त्या देशात लग्नानंतरही बायका बापाचंच आडनाव लावत, विधवा झाल्या तरी तेच, मरेपर्यंत.

मी ओळ तीनदा वाचली आणि पुस्तक मिटलं.

बायकोनं विचारला होता तो नेमका हाच प्रश्न. मी स्वतःला सांगितलं, रीत म्हणजे पुरावा नव्हे. ती लेक असू शकते, म्हणजे लेक होतीच असं नाही. हे तर्काला धरून होतं आणि त्याच्या आड मी सहा वर्षं लपलो. दर उन्हाळ्यात टाय बांधून तंबूत बसलो, त्या हिरव्या पानाच्या खाली. लोक आपापली कागदपत्रं घेऊन माझ्याकडे यायचे. एकदा बाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, "ते झाड अजून लावतात का रे?" मी म्हणालो, "लावतात." त्या म्हणाल्या, "छान," आणि टोमॅटोला पाणी घालत राहिल्या.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला त्यांनी अ‍ॅरिझोनात मुलाकडे कायमचं जायचं ठरवलं. घर रिकामं करायला घेतलं. मला तीन खोकी दिली, जुन्या वस्तूंच्या दानाच्या दुकानात टाकून ये म्हणाल्या. पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडली तर एका खोक्याची टेप सुटलेली. आत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली चौकट, ढाल आणि शेला.

दोन खोकी दिली. तिसरं घेऊन परत आलो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. बायकोनं ओळखलं. मग मी तिला सगळं सांगितलं.

"सहा वर्षं?" ती म्हणाली.

"हो."

"आणि मी विचारलं होतं."

"हो."

तिनं खोकं बाजूला सरकवलं आणि ताटं मांडली. मग म्हणाली, "जेवून घ्या आणि कामाला लागा. बाई जायच्या आत."

रीत पुरेशी नव्हती, हे खरंच होतं. मंडळासमोर जायचं तर कागद हवा होता, आणि बाईंचं वय बघता तो लवकर हवा होता. एडिनबराच्या दफ्तरखान्याच्या यादीत त्या सरदारांच्या कागदांचे गठ्ठे नोंदवलेले होते. मी यादी पानापानानं वाचली. बाहेर बर्फ पडत होतं, बाई खिडकीतून माझा दिवा बघून फोन करायच्या, "यंग मॅन, झोपा काढतोयस की कोणाला अजून घराबाहेर काढतोयस?" त्या चेष्टा करत होत्या. मी यादीचं पुढचं पान उलटायचो.

एका गठ्ठ्याच्या वर्णनात जमीनदाराच्या गावाचं नाव दिसलं. त्या कागदाची प्रत मागवली. आठवडे गेले. एके दुपारी ईमेलमध्ये चित्र आलं, तपकिरी चामड्यावर मुंगीएवढी अक्षरं. मी भिंग घेऊन एकेक शब्द सोडवायला लागलो. थोरला सरदार जमीन देतो आहे, लग्नानिमित्त. जमीन तीच, जी पुढे विधवेनं मुलाला दिली. नवरा तोच जमीनदार. आणि ज्या बाईला द्यायची तिच्या नावाच्या आधी दोन शब्द होते. आमची बहीण.

मी इतक्या जोरात ओरडलो, की बायको लाटणं घेऊनच जिना उतरली.

"काय झालं?"

"बहीण! बहीण आहे ती!"

"कोणाची?"

"सरदाराची! सख्खी!"

"म्हणजे त्या घरची लेक."

"लेक!"

"मग मी काय म्हणत होते?" ती म्हणाली आणि लाटणं माझ्या लॅटिनच्या शब्दकोशावर ठेवून खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

त्याच दुपारी बूट चढवून, खोकं उचलून मी बाईंकडे गेलो. त्यांना आधी आनंदाची गोष्ट सांगितली. त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "म्हणजे आजी खरं सांगत होती?"

"शब्दन्‌शब्द."

मग दुसरी गोष्ट सांगितली. आपण चुकलो असू हे मला सहा वर्षांपासून माहीत होतं आणि मी गप्प बसलो.

बाईंनी हात खाली घेतले.

"सहा वर्षांपूर्वी मी ब्याऐंशीची होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला वॉकरशिवाय चालता येत होतं. त्या मैदानाला मी झेंड्यामागून अख्खा फेरा मारला असता."

मी माफी मागितली. त्यांनी मानेनंच थांबवलं. "मला सांगितलंस. आता त्यांना सांग. उभं राहून, मोठ्यानं. मी समोर बसणार आहे." मी खोकं पुढे केलं तर म्हणाल्या, "तोवर तुझ्याकडेच ठेव." मग मुलाला फोन लावला आणि अ‍ॅरिझोना उन्हाळ्यानंतरवर ढकललं.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत, भला माणूस. त्यांना कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो मान्य केला आणि हळूच म्हणाले, "पुढच्या पुस्तिकेत एक दुरुस्ती छापू या. तुलाही अवघड व्हायला नको." वर्षापूर्वी मी हे आनंदानं स्वीकारलं असतं. मी म्हणालो, "नाही, तंबूत, सगळ्यांसमोर."

खेळांच्या दिवशी ऊन कडक होतं. तंबूत पन्नासेक माणसं, पहिल्या रांगेत मधोमध बाई, शेजारी माझी बायको आणि सिएटलजवळच्या बॉथेलहून मुद्दाम आलेली मुलगी. मी सहा पानं लिहिली होती, पहिल्या अहवालाएवढीच. चूक कशी केली ते वाचलं, तांदळाच्या ताटापासून. मग चूक कधी कळली आणि किती वर्षं लपवली, तेही वाचलं.

मागून एक म्हातारा ओरडला, "म्हणजे तुमच्या देशात बायकांची नावं बदलतात म्हणून आमच्या झाडाची फांदी तोडलीस?"

मी "हो" म्हणणार, तेवढ्यात त्याच्याच पुढची एक बाई वळून म्हणाली, "तू तरी कुठे बोललास तेव्हा? तुझ्या बायकोचं माहेरचं आडनाव काय रे?" म्हातारा आठवायला लागला. तंबू हसण्यानं हलला. अध्यक्षांनी तिथेच जाहीर केलं, की पुस्तिकेतल्या सगळ्या 'सुना' पुन्हा तपासायच्या.

मी टाय सोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, आणि ते बरंच झालं.

पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश आणला गेला. कोणीतरी पान खरवडायला पुढे झालं, तर बाई म्हणाल्या, "राहू दे पान. त्याच्यावरच लिहा. आणि यंग मॅन, तू झाकलंस, तूच लिही."

आधी मी वर, खोडाजवळ, त्या सहाशे वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव लिहिलं, तिच्या बापाच्या आडनावासकट. त्या सबंध खोडावर ते पहिलं बाईचं नाव. मग हिरव्या पानावर बाईंच्या आईचं आणि त्याखाली बाईंचं. शेवटचं अक्षर जरा वाकडं आलं. बाईंनी चष्मा पुढे ओढून तपासलं. "चालेल," म्हणाल्या. "वाचता येतंय."

बाहेर मिरवणुकीचे पाइप सूर लावत होते. मी खोक्यातून शेला काढला. तो खांद्यावर टिकेना, तेव्हा बायकोनं स्वतःच्या बांगडीतली सेफ्टी पिन काढली, शेल्याच्या पदरासारख्या निऱ्या केल्या आणि खांद्यावर पक्क्या टाचल्या. "आता वादळ आलं तरी सुटायचा नाही," ती मराठीतच म्हणाली, आणि बाईंना ते समजलं असावं. निघताना तिनं तंबूच्या नोंदवहीत सही केली. मी तिच्यामागून सही करायला गेलो तर वर लिहिलेलं नाव मला क्षणभर ओळखता आलं नाही. तिचं लग्नाआधीचं पहिलं नाव आणि तिच्या वडिलांचं आडनाव होतं. मी तिच्याकडे बघितलं.

"बघता काय?" ती म्हणाली. "कोणी शोधायला आलं तर सापडायला नको का मी?"

घराण्याच्या झेंड्यामागे पहिली जागा बाईंना दिली. वॉकरऐवजी चाकांची खुर्ची आणली होती, ती त्यांनी पायानंच बाजूला सारली. अख्ख्या मैदानाचा फेरा. पाव अंतरावर मला वाटलं, आता थांबतील. अर्ध्यावर पुढच्या वादकांनी मागे वळून बघितलं आणि चाल धिमी केली. त्यांच्या मागची आणि त्यांच्याही मागची घराणी, सगळी रांग बाईंच्या पावलानं चालायला लागली. दोन्ही बाजूंना लोक उठून उभे राहिले. मी वॉकरच्या शेजारून चालत होतो, हात धरायला तयार. शेवटच्या वळणावर चढ आहे. मी विचारलं, "जरा टेकायचं का?"

बाईंनी दात आवळून वॉकर पुढे टाकला. "पाठीनं नाही, यंग मॅन," त्या धापा टाकत म्हणाल्या. "गुडघ्यांनी!"

आणि चढ चढून गेल्या.